लाभार्थ्याचं नाव : सरकार

रोज सकाळी पुंजाजीबाबा आपल्याच घराच्या तिसऱ्या खोलीपुढे येऊन उभे राहतात, चपला काढतात, डोक्यावरची टोपी नीट करतात आणि कडी वाजवून म्हणतात, "सरकार, नळ आला."

आतून माझी माय बाहेर येते आणि घागर घेऊन नळावर जाते.

माझ्या मायचं नाव सरकार नाही, अनुसया आहे. गावात कोणी तिला अनसाबाई म्हणतं, कोणी गजूची माय म्हणतं. गजू म्हणजे मी. पण ती त्या खोलीत राहायला आली तेव्हापासून पुंजाजीबाबांनी तिला, एक वेळ सोडली तर, नावानं हाक मारलेली नाही. विचारलं तर उलट आपल्यालाच विचारतात, "खोली कोनाची? सरकारची. मंग खोलीतून जे बाहीर येईन ते कोन?" ह्याच्यावर माणूस काय बोलणार! आता नळावरच्या बायाही हसून म्हणतात, "सरका वो, सरकार आलं."

मी हे तिरुपूरहून लिहितो आहे. इथं बनियनच्या कारखान्यात शिलाई मशिनीवर असतो. गाव आमचं वाशीम जिल्ह्यातलं, आसेगावकडचं. नाव सांगत नाही, कारण कोण्या साहेबाला राग आला तर तो माझ्या मायवर निघेल असं वाटते. मला सगळ्याचीच भीती वाटते. गावाकडून फोन आला तरी वाटते आणि नाही आला तरी वाटते. पुंजाजीबाबांना कशाचीच वाटत नाही. त्यांच्याबद्दल लिहावं असं पुष्कळ दिवसांपासून मनात होतं. सातवीत शाळा सुटली, त्यामुळे लिहिणं जसं जमेल तसं.

बाबांचा देह म्हणजे वाळलेली तुराटी, आणि आवाज म्हणजे थ्रेशर. त्यांच्या बोलण्यात एक वाक्य असं बसलेलं आहे की ते काढलं तर बोलणंच कोसळेल. "माहं ते माहं, त्याचं ते त्याचं, मंधात भित हाय." भिंत नसली तरी म्हणतात. शेताच्या धुऱ्यावर म्हणतात, एसटीच्या सीटवर म्हणतात, पंगतीत शेजारच्याच्या पत्रावळीतला वरणाचा ओघळ आपल्याकडे आला तरी म्हणतात.

एकदा उकंडाच्या कोंबडीनं बाबांच्या अंगणात अंडं घातलं. उकंडा म्हणजे आमच्या गल्लीतला, ज्याला दुसऱ्याच्या घरातलं आपल्या घरापेक्षा जास्त माहीत असते तो. तो बाजाराला गेला होता. बाबांनी ते अंडं कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं आणि कावळ्यानं नेऊ नये म्हणून काठी घेऊन तो येईपर्यंत उन्हात उभे राहिले. उकंडा आला, म्हणाला, "अरे बाबा, खाऊन घ्याचं ना." बाबांनी त्याला अर्धा तास झापलं. अंडं राखल्याबद्दल एक शब्द ऐकून घेतला नाही, पण कोंबडी बांधून ठेवत नाही म्हणून सात पिढ्या काढल्या.

पोहरादेवीच्या यात्रेतली गोष्ट तर सगळ्या गावाला तोंडपाठ आहे. गर्दीत एका पायात आपली आणि दुसऱ्या पायात कोणाची तरी चप्पल घालून बाबा घरी आले. लक्षात आल्यावर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिकीट काढून परत गेले, ती परकी चप्पल होती तिथं ठेवून आले, आणि मग कितीतरी दिवस एकाच पायात चप्पल घालून हिंडले. लोक हसले की म्हणायचे, "माही एक गेली ते गेली. पन दुसऱ्याची एक त माह्या पायात नाई!"

अशा माणसाच्या खात्यात सरकारनं चुकून जास्तीचे पैसे टाकले. सरकारला सगळा जिल्हा मोकळा होता.

झालं असं. बाबांचं नाव घरकुलाच्या यादीत लागलं तेव्हा गंगूमाय, त्यांची बायको, हयात होती. घर झालं तेव्हा नव्हती. लेकरू नाही. घरकुलाचे पैसे एकदम मिळत नाहीत, हप्त्यानं मिळतात. जोतं झालं की एक, छत पडलं की एक, आणि दर वेळी ऑफिसचा माणूस येऊन बांधकामापुढे तुम्हाला उभं करून मोबाईलवर फोटो काढतो. बाबा प्रत्येक फोटोत त्याच्यावर ओरडताना आले आहेत. दोन खोल्यांचं घर पूर्ण झालं, शेवटचा हप्ता आला. आणि काही दिवसांनी तोच शेवटचा हप्ता पुन्हा आला.

बाबा बँकेत गेले. "हे पैसे माहे नाईत."

"तुमच्या खात्यात आहेत ना? मग तुमचेच."

"माह्या अंगनात कोंबडी आली म्हनून माही होते का?"

बँकेनं तालुक्याच्या ऑफिसात पाठवलं. तिथं टेबलावरच्या माणसानं वरही न पाहता सांगितलं, "बाबा, कॉम्प्युटर चुकत नसतो." बाबा पुन्हा गेले, तिसऱ्यांदा गेले. शेवटी त्यांना पाहिलं की ऑफिसातले हसू लागले. "लोक भेटलं नाही म्हणून भांडतात, हा बुढा भेटलं म्हणून भांडून राह्यला!" शिपायानं दंडाला धरून बाहेर आणून सोडलं.

बाबा पैसे तसेच खात्यात ठेवणार होते. पण एका महिन्यात बँकेनं त्यातून मेसेज पाठवल्याचे थोडे रुपये कापले. मग बाबांचं डोकं फिरलं. "सरकारच्या पैशाले उंदीर लागला बे! माह्या राखनीत!" दुसऱ्याची ठेव आपल्याकडे कमी झाली, हे त्यांना सहन होणारच नव्हतं. त्यांनी विचार केला, आणि असा विचार वऱ्हाडात दुसऱ्या कोणाच्या डोक्यात आला नसता. त्यांनी सगळे पैसे काढले, विटा आणल्या आणि घराला लागून तिसरी खोली बांधली. सरकारसाठी. "इटा कोनी कापत नाई," म्हणाले. "सरकारले कदी याद आली त खोली तयार हाय."

मिस्त्री म्हणाला, "बाबा, मधातून एक दार काढू, सोयीचं पडन."

"आन् सरकार माह्या घरात घुसलं त?"

दार नाही निघालं. खोलीला दार एकच, बाहेरून. घरकुलावर पाटी रंगवावी लागते, योजनेचं नाव, लाभार्थ्याचं नाव. बाबांनी त्याच पेंटरला बोलावून तिसऱ्या खोलीवर वेगळी पाटी काढून घेतली. 'लाभार्थ्याचं नाव : सरकार.' पेंटर घाबरत होता. बाबा म्हणाले, "खोटं हाय का? मंग रंगव."

ती खोली पुष्कळ दिवस रिकामी होती. बाबा दर सोमवारी झाडायचे. एका साली त्यांचं सोयाबीन ओट्यावर भिजलं, पण एक पोतं त्यांनी त्या खोलीत ठेवलं नाही. उकंडानं कडबा ठेवू द्या म्हटलं तर उत्तर मिळालं, "सरकारचा कडबा असन त ठेव."

मागच्या पावसाळ्यात आमच्या घराची भिंत बसली. मातीचंच घर. बाप माझा मी लहान असतानाच गेला, बहीण सासरी, आणि मी हा इतका लांब. माय पेटी घेऊन शाळेच्या व्हरांड्यात बसली होती. मी इथून नातेवाइकांना फोन लावत होतो आणि सगळे म्हणत होते, "पाहू." मशिनीवर बसलो तरी सुई कुठं जाते ते दिसत नव्हतं. मग बाबांचा फोन आला. ते फोनवर बोलत नाहीत, ओरडतात.

"गजा! खोली खाली हाय! सरकारची!"

"बाबा, तुमचे उपकार मी जन्मभर..."

"माहे कायचे उपकार बे? सरकारची खोली, तुही माय जनता. मंधात मी कोन?" आणि ठेवून दिला.

त्या दिवसापासून मायच्या डोक्यावर छत आहे. मी रोज देवाआधी बाबांचं नाव घेतो.

आणि ह्या दिवाळीनंतर सरकारला याद आली. ग्रामसेवकानं कागद आणला. जादा गेलेला हप्ता परत भरा, नाहीतर सातबाऱ्यावर बोजा चढवू. ग्रामसेवक वाचत गेला तोवर बाबा शांत होते. पण पुढे लिहिलं होतं की लाभार्थ्यानं ही रक्कम मिळाल्याचं लपवून ठेवलं.

"लपवून?" थ्रेशर सुरू झालं. "भितीवर रंगवून ठेवलं! सरकारले वाचता येत नाई का?"

त्यांनी ग्रामसेवकाबरोबर तोंडी जबाब धाडला. खोली तयार आहे, घेऊन जा. जागा माझी आहे, तिचं भाडं द्या. झाडलोटीची मजुरी द्या. आणि मला चोर म्हटलं त्याची माफी मागा. ग्रामसेवक भला माणूस. तो म्हणाला, "बाबा, हे मी साहेबाले कसं सांगू?" बाबा म्हणाले, "जोरानं."

मायनं फोनवर हे सांगितलं आणि माझं जेवण गेलं. बोजा चढला तर बाबांचं शेत अडकेल. शेत वाचवायला बाबांनी खोली सोडली तर माय पुन्हा शाळेच्या व्हरांड्यात. मी सुपरवायझरच्या हातापाया पडून सुट्टी काढली, दोन गाड्या बदलून, एसटीनं गावात उतरलो. ग्रामपंचायतीपुढे वसुलीचं शिबिर होतं. मांडव, टेबल, माईक, आणि तालुक्याहून आलेले वसुलीचे साहेब. साहेब तरुण होते, घाम पुसून पुसून त्यांचा रुमाल थकला होता.

आधी बाकीच्यांचं झालं. एकानं पहिला हप्ता घेऊन मोटारसायकल घेतली होती. तो म्हणाला, "साहेब, पाया भरायचं सामान आनाले गाडी लागतेच ना?" एकीनं जोतं बांधून वर शेळ्या बांधल्या होत्या. ती म्हणाली, शेळ्या विकल्या की छत टाकतो. सगळे हात जोडून, मान खाली घालून उभे होते. मग बाबांचं नाव पुकारलं. बाबा मान वर करून गेले आणि साहेबांनी सांगायच्या आधी खुर्चीवर बसले.

साहेब चांगलं बोलले. "बाबा, चूक ऑफिसची झाली असेल, पण पैसे सरकारचे. तुम्ही खोली बांधली, खोली तुमचीच. मी बारीक हप्ते पाडून देतो. फक्त एकदा म्हणा, खोली माझी आहे, पैसे भरतो."

"खोली माही नाई."

"मग कोणाची?"

"तुमची. पाटी वाचा."

मांडव हसला. साहेबांनी चष्मा वर केला. "मग घेऊन जाऊ का?"

"न्या ना! टॅक्टर मी देतो."

आता लोक पोट धरून हसत होते. साहेब तापले. कोणीही तापेल. "ठीक आहे. सरकारची आहे ना? मग उद्या सरकार तिला कुलूप लावेल. लिहा हो ग्रामसेवक."

हसणं बंद झालं. बाबांचं तोंड उघडं होतं तसंच राहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्यांचं म्हणणं खरं मानलं होतं.

मी त्यांच्या मागे जाऊन सदरा ओढला. "बाबा, म्हना ना एकडाव माही हाय म्हनून. पैसे मी भरतो. माय कुठी जाईन?"

"मले म्हनता येत नाई बे, गजा." आवाज इतका बारीक की मला वाटलं दुसरंच कोणी बोललं.

"काहून?"

ते मांडवाच्या मागच्या बाजूला पाहत राहिले. तिकडून उकंडाचा आवाज आला, "म्हना ना बाबा! खोली माही, आन् खोलीतलीबी..." पुढचं त्यानं नुसतं खाकरून पूर्ण केलं. दोघंतिघं फिसकन हसले.

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. एकटा म्हातारा, एकटी बाई. खोली पुंजाजीची म्हटली की अनसाबाई पुंजाजीच्या घरात राहते. सरकारची म्हटली की ती सरकारच्या घरात राहते, आणि मधे भिंत. ती चप्पल काढणं, ती टोपी नीट करणं, ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं 'सरकार' म्हणून ओरडणं, ह्याला मी इतके दिवस वेडेपणा समजून कारखान्यात लोकांना सांगून हसवत होतो.

मला बोलायचं होतं, पण माझं नेहमीचंच, बाबांचा सदरा धरूनच उभा राहिलो. बोलली माय. बायांमधून उठून ती सरळ टेबलापाशी आली. माझ्या मायनं आयुष्यात माईक कधी हातात घेतला नव्हता. त्या दिवशीही नाही घेतला, नुसती त्याच्यापुढे उभी राहिली.

"साहेब, खोली माही हाय."

"तुमची कशी, मावशी?"

"मी राह्यतो तिथं. पोरगं माहं पैसे भरन. जागा त्याईची, खोली माही." मग ती मांडवाकडे वळली आणि उकंडाकडे पाहून म्हणाली, "मंधात भित हाय. कोनाले पाहाची असन त येऊन पाहून जा. चहा पाजतो."

उकंडानं मान खाली घातली. साहेब थोडा वेळ कागद चाळत बसले. मग म्हणाले, "कोणीही भरा, पैसे आले म्हणजे झालं." मी पुढे होऊन सांगितलं, दर महिन्याला पगारातून भरतो, दोन वर्षांत फेडतो. पावती बाबांच्या नावानं निघेल असं ठरलं.

सगळं मिटलं असं मला वाटलं. पण बाबा खुर्चीवरून उठेनात. त्यांचा आवाज परत आला होता.

"पैसे भरू. पन आंधी तुमी म्हना, का हा बुढा पैसे वापस कराले आलता आन् तुमी त्याले हाकललं."

"बाबा, मी तेव्हा त्या ऑफिसात नव्हतोच."

"मी होतो ना! म्हना."

साहेबांनी घाम पुसला. "आले होते. आमच्याकडून चूक झाली."

"मायकात."

साहेब माईकमध्ये म्हणाले. भोंगा शाळेच्या पलीकडपर्यंत ऐकू जातो. बाबा उठले, टोपी नीट केली आणि जाता जाता म्हणाले, "झाडलोटीची मजुरी सोडली. जा."

संध्याकाळी मी म्हटलं, पेंटरला बोलावून पाटीवर मायचं नाव टाकू. बाबा म्हणाले, "पैसे फिटू दे. तवापावतो सरकारचीच." पैसे फिटल्यावरही ते पाटी बदलू देतील असं मला वाटत नाही. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले. "माह्या पाया कायले पडतं? मीन काय केलं?"

त्या रात्री मी मायजवळ त्याच खोलीत झोपलो. फटफटलं तेव्हा भिंतीतून आवाज आला. टण् टण्. कोणीतरी पलीकडून लोटा आपटत होतं.

मी दचकून उठलो. "माय, हे काय व्हय?"

"बुढा व्हय. रोजचंच हाय," माय म्हणाली. "एकटा मानूस. रातीतून काई झालं त कोनाले समजन? उठला का भितीले लोटा वाजवते, मी इकून गिलास वाजवतो. दोघंबी जित्ते हावोत, झालं. मले म्हने, सरकार, ज्या दिवशी आवाज नाई आला, त्या दिवशी माहं दार तोडजा."

मधे एक दार काढू न देणारा हा माणूस, आणि आपलंच दार तोडायला सांगून ठेवतो. मी मायला बाबांबद्दल आणखी विचारू लागलो. मायही गोष्टीत लागली. गंगूमाय असताना बाबा कसे होते, घर पाहायची तिची कशी हौस होती, ते सांगू लागली. गिलास तसाच पेटीवर राहिला.

पलीकडून पुन्हा टण् टण् झालं. मग आणखी जोरात. मग लोटा पडल्याचा आवाज, दाराचा आवाज, आणि धावत येणारी पावलं. कडी नाही वाजली. दारावर दोन्ही हातांनी थापा पडू लागल्या.

"अनसाबाई! वो अनसाबाई!"

माय उठून बसली. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "जित्ती हावो, भाऊ!" ती ओरडली. "पोराशी बोलत बसलो होतो!"

मी दार उघडलं. बाबा उभे होते. पाय उघडे, डोक्यावर टोपी नाही. टोपीशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, डोक्यावरचे केस लहान लेकरासारखे विरळ होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात टोपीकडे गेला, टोपी नव्हती, हात तसाच खाली आला.

"सरकारी काम!" ते म्हणाले. "कदी येळेवर झालं हाय!"

आणि वळून आपल्या दारानं आत गेले. थोड्या वेळानं भिंतीतून पुन्हा आवाज आला, हळू. टण् टण्.

मायनं गिलास उचलला.